चोवीस खोक्यांचं वर्तुळ

सेकंड लाइफमध्ये काहीही बांधायला बसलं, की पहिल्यांदा समोर येतं ते प्लायवूडचं खोकं. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, सहाही बाजूंना लाकडाच्या रेषा. राजवाडा उभारायचा असो की कानातला डूल घडवायचा असो, सुरुवात याच खोक्यापासून. जमिनीवर एक क्लिक केलं की ते हवेतून उगवल्यासारखं उभं राहतं. या उगवण्याला तिथले लोक ‘रेझ करणं’ म्हणतात. १९८२च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटात संगणकाच्या आतले माणसांच्या रूपातले प्रोग्राम नाहीसे होत, त्याला ‘डीरेझ’ होणं म्हणत. ‘रेझ’ हा शब्द तिथूनच उलटा करून घेतलेला.

सेकंड लाइफ म्हणजे इंटरनेटवरचं एक आभासी जग. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीनं ते २३ जून २००३ रोजी सगळ्यांना खुलं केलं. कंपनीचा संस्थापक फिलिप रोजडेल. दिसायला व्हिडिओ गेमसारखं असलं तरी तिथे मारायला शत्रू नाहीत, जिंकायला फेऱ्या नाहीत आणि गुणही नाहीत. जमीन, पाणी, ऊन आणि बांधकामाची अवजारं कंपनीनं दिली. घरं, कपडे, गाड्या, समुद्रावरचे धक्के, नाचायचे क्लब, हे जवळपास सगळं तिथं वावरणाऱ्यांनी बांधलं, आणि तेही त्याच जगात उभं राहून. शेजारचा माणूस येऊन बघतोय, मधेच दोन सूचना टाकतोय आणि आपण भिंत रचतोय, असं.

त्या भिंतीचा कच्चा माल म्हणजे ‘प्रिम’. प्रिमिटिव्ह या शब्दाचं हे लाडकं रूप. प्रिम म्हणजे मूळ आकार. आपलं प्लायवूडचं खोकं हा त्यातलाच एक.

मूळ आकारांचाच हट्ट का, याचं उत्तर २००३च्या इंटरनेटमध्ये आहे. तेव्हाच्या साध्या गेममध्ये सगळं नेपथ्य सीडीवर आधीच भरून येई. इथे मात्र कोण कधी काय बांधेल याचा नेम नाही. शेजाऱ्यानं आत्ता टाकलेली खुर्ची याच क्षणी माझ्या संगणकावर दिसायला हवी, आणि तीही त्या काळच्या कूर्मगतीच्या जोडणीवरून. खुर्चीचा प्रत्येक बिंदू पाठवत बसलो तर पाहुणा उठून जाईल, तरी खुर्ची येणार नाही. म्हणून खुर्ची पाठवायचीच नाही, तिची कृती पाठवायची. लाडू पोस्टानं न पाठवता लाडवाची कृती पाठवावी, तसं. ‘आकार खोका, लांबी इतकी, इथून इतका कापलेला, इतका पिळलेला’ एवढे मोजके आकडे येतात आणि आपल्या घरचा संगणक त्यावरून वस्तू वळतो.

प्रिम एकूण सात: खोका, नळकांडं, त्रिकोणी लोलक, गोल, आणि ‘टोरस’, ‘ट्यूब’, ‘रिंग’ ही तीन वेटोळी. ही सात वेगळी माणसं वाटतात, पण आहेत एकाच घरातली. ते नातं समजायला चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणावा. सोऱ्यातून काय बाहेर पडेल हे दोन गोष्टींवर ठरतं, ताटलीला भोक कसलं आहे आणि आपण हात कसा फिरवतो. चौकोनी भोकाची ताटली लावून हात सरळ ओढला तर खोका. गोल भोक लावलं तर नळकांडं, त्रिकोणी लावलं तर लोलक. आता त्याच तीन ताटल्या ठेवा आणि हात गोल फिरवून टोकाला टोक जुळवा. गोल भोकाची होते बांगडी, म्हणजे टोरस, चौकोनीची ट्यूब, त्रिकोणीची रिंग. राहिला गोल, तर तो अर्ध्या चंद्राला भिंगरीसारखं फिरवून मिळतो. भोक आणि हाताचा मार्ग, संपलं व्याकरण.

गंमत पुढे सुरू होते. प्रत्येक प्रिमला आकड्यांच्या चौकटी असतात. एका चौकटीनं तो पोकळ होतो, दुसरीनं केकसारखा तुकडा कापून निघतो, तिसरीनं ओल्या टॉवेलसारखा पिळला जातो, चौथीनं वरच्या बाजूला निमुळता होतो. पोकळ गोल अर्धा कापला की घुमट. पातळ फोड ठेवली की पाकळी. टोरसला तर वेढे किती घ्यायचे हेही विचारलं जातं, एकापासून चारापर्यंत. प्रत्येक वेढ्यागणिक त्रिज्या बदलत नेली की अख्खी चकली एका प्रिममध्ये तयार. त्यात भोक लहान करत नेलं की चकलीचा शंख होतो. बांधणारे गमतीनं म्हणत, आम्ही प्रिमचा छळ करतो, आणि अशा वेड्यावाकड्या आकारांना तिथे ‘टॉर्चर्ड प्रिम’ असंच नाव पडलं होतं. मी एकदा कुणाचीशी आरामखुर्ची उलगडून पाहिली. तिचा डौलदार वाकलेला हात म्हणजे मूळची बांगडी होती, तीनचतुर्थांश कापलेली, चेपलेली आणि तिरकी ओढलेली. ओळख पटायला मला दहा मिनिटं लागली.

आता माझी भिंत.

मला एका झाडाभोवती गोल कुंपणभिंत हवी होती. त्रिज्या ६ मीटर, जाडी ३० सेंटिमीटर. वाचक म्हणेल, नळकांडं घ्या, पोकळ करा, झाली भिंत. बरोबर आहे, पण त्या काळी कुठलाही प्रिम कुठल्याही बाजूनं १० मीटरपेक्षा मोठा करता येत नसे, आणि माझं वर्तुळ १२ मीटर रुंद. मग मोठ्या नळकांड्याचे चार तुकडे करून जोडावेत? तेही नाही. कापून चतकोर उरला तरी त्याचं माप अख्ख्या नळकांड्याचंच धरलं जातं. उरली एकच वाट. खोकी मांडायची, एकाशेजारी एक, थोडी थोडी वळवत.

मी २४ खोकी घेतली. ३६० भागिले २४, म्हणजे प्रत्येक खोकं आधीच्यापेक्षा १५ अंशांनी वळलेलं. सुरुवातीला एकेक हातानं सरकवत बसलो आणि वर्तुळाचा बटाटा झाला. मग युक्ती कळली. दोन खोकी समोरासमोर ठेवायची, दोन्ही एकदम निवडायची, प्रत काढायची आणि प्रत १५ अंश फिरवायची. जोडी स्वतःच्या मध्याभोवती फिरते आणि जोडीचा मध्य हाच वर्तुळाचा मध्य, त्यामुळे परकाराची गरजच नाही.

वर्तुळ जमलं, पण भिंतीचा माथा लुकलुकायला लागला. जरा मान वळवली की प्रत्येक सांध्यापाशी पाचरीच्या आकाराचा एक तुकडा थरथरायचा, कधी डावीकडच्या खोक्याचं लाकूड दाखवी, कधी उजवीकडच्या. कारण सोपं आहे. सरळ खोकी वर्तुळात मांडली आणि बाहेरच्या कडा जुळवल्या, तर आतल्या बाजूला ती एकमेकांत घुसतात. घुसलेल्या भागात दोन पृष्ठभाग अगदी एकाच उंचीवर येतात, आणि वरचा कुठला हे ठरवता न आल्यामुळे संगणकाचं चित्र काढणारं कार्ड क्षणाक्षणाला निकाल बदलतं. आतल्या कडा जुळवल्या तर हा घोळ मिटतो, पण मग बाहेर फटी पडतात.

विहीर बांधणाऱ्या गवंड्याला हा प्रश्न कधी पडत नाही. त्याचीही वीट सरळच असते. तो सांध्यात चुना भरताना बाहेरच्या बाजूला थोडा जाड आणि आतल्या बाजूला पातळ भरतो, आणि सरळ विटांची गोल विहीर होते. आभासी जगात चुना नाही. तिथे वीटच घासून पाचर करायला हवी.

मी हे सगळं वाळूच्या मैदानात करत होतो. अशी मोकळी मैदानं तिथे सरावासाठी असतात, सगळ्यांना खुली. काही तासांनी तिथलं सामान आपोआप ज्याच्या त्याच्या पेटीत परत जातं. शेजारी एक कोल्हा विमान बांधत होता. कोल्हा म्हणजे कोल्ह्याचं रूप घेतलेलं कुणीतरी, कुठल्या देशातलं तेही ठाऊक नाही. माझी लुकलुकती भिंत तो बराच वेळ बघत असावा. शेवटी त्यानं दोन ओळी लिहिल्या. खोकं आडवं पाड, माथा आत कर. निमुळतेपणा ०.०५.

०.०५ कुठून आले? मी कागद घेतला. खोक्याच्या बाहेरच्या बाजूची लांबी म्हणजे १२ गुणिले साडेसात अंशांचा टँजंट, १.५८० मीटर. आतल्या बाजूची त्रिज्या ५.७ मीटर, म्हणून तिथली लांबी १.५०१ मीटर. दोघांतला फरक बाहेरच्या लांबीच्या बरोबर पाच टक्के. मग लक्षात आलं की एवढ्या त्रिकोणमितीची गरजच नव्हती. भिंतीची जाडी भागिले त्रिज्या, ०.३ भागिले ६, बस. खोकी २४ असोत की ८०, हा आकडा बदलत नाही. कोल्ह्यानं तो भागाकार तोंडी केला होता. फक्त निमुळतेपणा खोक्याच्या माथ्याकडे जातो, म्हणून प्रत्येक खोकं असं लोळवायचं की त्याचा माथा झाडाकडे बघेल. तसं केलं, आणि लुकलुक थांबली. चोवीस पाचरी, कमानीच्या दगडांसारख्या एकमेकींना चिकटून बसल्या.

आता २४च का? ही घासाघीस या सगळ्या विद्येच्या मुळाशी आहे. आठ खोक्यांत भिंत बांधली तर प्रत्येक कोपरा खऱ्या वर्तुळाच्या ४९ सेंटिमीटर बाहेर जातो. तो उघड अष्टकोन. बारात २१ सेंटिमीटर. चोवीसात ५. अठ्ठेचाळीसात जेमतेम सव्वा. खोकी दुप्पट केली की चूक साधारण चौथाई होते. सुरुवातीच्या खोक्यांनी मोठा फायदा होतो, पुढच्या खोक्यांनी नुसता खर्च वाढतो. आर्किमिडीज याच वाटेनं ९६ बाजूंपर्यंत गेला आणि पाय ही संख्या ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्या मध्ये आहे हे त्यानं दाखवलं. पण त्याला बाजूंचे पैसे पडत नव्हते.

सेकंड लाइफमध्ये पडत. तिथला एक प्रदेश २५६ मीटर गुणिले २५६ मीटरचा, आणि एवढ्या जागेत तेव्हा एकंदर १५,००० प्रिम मावत. त्या हिशेबानं ५१२ चौरस मीटरच्या छोट्या प्लॉटला ११७ प्रिम येत. हा ११७चा आकडा छोट्या प्लॉटवाल्यांना आपल्या घरभाड्यासारखा पाठ असे. माझ्या नुसत्या भिंतीनं त्यातले २४ खाल्ले असते, म्हणजे पाचवा हिस्सा. घर, पलंग, दिवा, झाड हे सगळं उरलेल्या ९३ मध्ये.

अगदी सुरुवातीला तर याहून कडक कारभार होता. जितके प्रिम मांडाल तितका दर आठवड्याला कर. २००३मध्येच लोक वैतागले. अमेरिकाना नावाच्या भागात अमेरिकेतल्या प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती बांधणारा एक गट होता. भव्य आणि सार्वजनिक बांधकाम म्हणून कराचा दणका त्यांनाच जास्त. त्यांनी १७७३मध्ये बोस्टनला कराच्या निषेधात समुद्रात फेकलेल्या चहाची आठवण काढत जागोजागी चहाची प्रचंड खोकी रचून ठेवली. कर गोल इमारतीवर असो की चौकोनी, निषेध मात्र खोक्यांचाच झाला. वर्षअखेरीस तो कर गेला आणि जमिनीप्रमाणे प्रिमचा वाटा ही पद्धत आली.

अशा टंचाईत कारागिरी वाढली. चार खोक्यांचं काम एका पिळलेल्या प्रिममध्ये करणारा तो खरा उस्ताद. मला वाटतं, प्रिम फुकट आणि अमर्याद असते तर त्या शंखाच्या आकारापर्यंत कुणी गेलंच नसतं.

माझ्या २४ खोक्यांच्या भिंतीशेजारी मी नंतर एक तयार नळकांडं ठेवून पाहिलं. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. ते नळकांडंही अगदी जवळून २४ बाजूंचंच असतं. दूर गेलं की संगणक आणखी बाजू गाळतो. म्हणजे दोन्हीकडे बाजू सारख्याच. तरी नळकांडं गुळगुळीत दिसत होतं आणि माझी भिंत पैलू पाडल्यासारखी.

फरक प्रकाशाचा होता, आणि त्याची गोष्ट १९७१ सालच्या युटा विद्यापीठातली. आंरी गूरो हा फ्रेंच विद्यार्थी तिथे डॉक्टरेट करत होता. सपाट तुकडे जोडून केलेला चेहरा पडद्यावर हिऱ्यासारखा टोकदार दिसे, आणि आपला डोळाही आगीत तेल ओततो. दोन छटांची सीमा असते त्याहून ठळक करून दाखवायची त्याला खोडच आहे. गूरोनं तुकड्यांची संख्या वाढवली नाही. त्यानं उजेडाचा हिशेब फक्त तुकड्यांच्या कोपऱ्यांवर केला आणि मधला रंग एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे हळूहळू मिसळत नेला. प्रयोगासाठी त्यानं आपली बायको सिल्वी हिच्या चेहऱ्यावर रेघा आखून चेहऱ्याचे तुकडे पाडले होते. मिसळलेल्या छटांत सांधे बुडाले आणि गाल गालासारखे दिसू लागले.

सेकंड लाइफचं नळकांडं याच मिसळीवर गोल दिसतं. त्याची लबाडी पकडायची असेल तर पोटाकडे न बघता कडेकडे बघावं. आकाशासमोर जिथे त्याची बाह्यरेषा उमटते तिथे सरळ रेघांचे तुकडे स्पष्ट दिसतात. छटा मिसळता येतात, कड मिसळता येत नाही. माझी खोकी तर २४ वेगवेगळ्या वस्तू, त्यांच्यात छटा मिसळणार कोण? म्हणून मुरलेले बांधणारे सांधा लपवण्याऐवजी मिरवत. प्रत्येक सांध्यावर एक बारीक खांब, नाहीतर वेल. पैलू दिसलाच तर तो मुद्दाम पाडलाय असं वाटावं.

मोठ्या आकाराचं दुखणं होतं तसं लहान आकाराचंही होतं. कुठलाही प्रिम एक सेंटिमीटरपेक्षा बारीक होत नसे. सोनाराला हे सांगून बघा. नथीतला मोती एक सेंटिमीटरचा! यावर दागिने घडवणाऱ्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. प्रिम एक सेंटिमीटरचाच ठेवायचा, पण त्याला कापून, खोबणी पाडून, बहुतेक सगळा नाहीसा करायचा. उरतो तो दोन मिलिमीटरचा कण. कागदोपत्री माप एक सेंटिमीटर, दिसायला मोहरी. अगोदर ज्या नियमानं माझं चतकोर नळकांडं अडवलं होतं, कापलं तरी माप अख्ख्याचं, तोच नियम इथे सोनाराच्या कामी आला.

मोठ्यांची सोय मात्र चुकून झाली. सॉफ्टवेअरमधल्या एका फटीचा फायदा घेऊन २००६च्या सुमारास कुणीतरी दहा मीटरची मर्यादा ओलांडून अवाढव्य प्रिम बनवले. फट बुजवली गेली, पण तयार झालेले प्रिम राहू दिले. मग जुन्या मुरांब्याच्या बरण्यांसारख्या त्यांच्या प्रती हातोहात फिरू लागल्या. अट एकच, मापाला हात लावायचा नाही. लावला की तो मुकाट १० मीटरवर येई. त्यामुळे ‘कुणाकडे १२ बाय १२ बाय ३ चं पोकळ नळकांडं आहे का?’ अशा चौकशा चालत.

२००७मध्ये एक वेगळाच प्राणी आला, स्कल्प्ट प्रिम. त्याचा आकार एका रंगीत चित्रात भरलेला असे. चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक बिंदू. लाल रंग किती यावरून तो डावी-उजवीकडे कुठे, हिरव्यावरून पुढे-मागे, निळ्यावरून वर-खाली. रंगाच्या छटा ० ते २५५, म्हणून जागाही २५६च. ते चित्र नुसतं पाहिलं तर पावसात भिजलेल्या रांगोळीसारखं दिसतं, आणि त्यातून सफरचंद निघतं. एका प्रिमच्या किमतीत सफरचंद! दुरून पाहिलं की मात्र ते चुरगळलेल्या कागदासारखं व्हायचं, तो भाग वेगळा.

ऑगस्ट २०११मध्ये मेश आलं. बाहेर ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हवा तो आकार घडवायचा आणि फाइल वर चढवायची. त्याच सुमारास प्रिमची मर्यादाही १० वरून ६४ मीटरवर गेली. पिळलेल्या बांगड्यांची खुर्ची बघता बघता जुनाट दिसू लागली. बांधणारेही मैदानातून कमी झाले. ते आपापल्या घरी, एकटे, दुसऱ्या खिडकीत काम करू लागले आणि तयार वस्तू घेऊनच यायला लागले. वस्तू सुंदर झाल्या, यात वाद नाही. पण मेशच्या खुर्चीसमोर उभं राहून कोल्हा काय सांगणार?

मीही माझ्या झाडाभोवती मेशची भिंत लावून पाहिली. विकतची, एकसंध, कडेलासुद्धा गुळगुळीत. लावल्यावर लक्षात आलं की आत जायला दारच नाही. दारासाठी मूळ फाइल हवी, ब्लेंडर यायला हवं, आणि पुन्हा वर चढवायचे लिंडन डॉलर, म्हणजे तिथले पैसे, मोजायला हवेत. मी पेटीतून जुनी भिंत काढली, चोवीस पाचरींची. सातवं खोकं निवडलं, डिलीट दाबलं. दीड मीटर आणि वर आठ सेंटिमीटरचं दार.